आतून पडलेले पोचे

शहाण्णव सालच्या मे महिन्यात गजेंद्रने ठरवलं, माळ्यावरचं काम आता आपणच करायचं. सुरतजवळच्या उधन्यातलं त्याचं दोन खोल्यांचं घर. वर सिमेंटचे पत्रे, खाली फळ्यांचा माळा, आणि माळ्यावरून दोन्ही खोल्यांत गार हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी डक्ट. एसीचं मशीन त्याने एका बंद ऑफिसातून जुनंपानं आणून स्वतःच्या हाताने बसवलं होतं. गल्लीत एसी एकट्या त्याच्याकडे, म्हणून लोक त्याला 'एसीवाले भाऊ' म्हणत. तो ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण मनातून सुखावे. अडचण एवढीच की डक्टचे सांधे उखडले होते. निम्मी हवा माळ्यावरच्या उंदरांना मिळे आणि खाली वृषाली घामाने निथळत असे.

वृषाली त्याची एकुलती लेक. अमळनेरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आठवा महिना संपत आला होता. तिचे सासरे कडक शिस्तीचे. सोयरीक जुळवताना त्यांनी एकच चौकशी केली होती, मुलीचा बाप पितो का. गजेंद्र सुपारीलाही शिवत नाही, हे साऱ्या उधन्याने त्यांना सांगितलं होतं. चांगलं नाव हीच त्याची आयुष्याची कमाई होती आणि तिला तो फार जपायचा.

तर सकाळच्या उन्हात तो भंगारवाल्याकडे गेला. ज्या गिरणीत त्याने अठरा वर्षं हवेच्या प्लांटवर फिटर म्हणून काढली, ती दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती आणि तिचं भंगार तिथे येऊन पडलं होतं. जाड, जस्ताचा पत्रा. असा माल आता मिळत नाही, म्हणत त्याने फार न बघता चार पत्रे हातगाडीवर टाकले.

अंगणात पत्रा उलगडला तेव्हा त्याला पोचे दिसले. पत्र्याची जी बाजू एकेकाळी डक्टच्या आत होती, त्या बाजूने पडलेले. मुठीएवढे. गजेंद्रने आपली मूठ एका पोच्यात ठेवून पाहिली. नीट बसली. त्याने ती झटकन मागे घेतली.

पाच वर्षांपूर्वी गिरणीच्या मोठ्या डक्टमध्ये साचलेली धूळ काढायला दगा शिरला होता. दगा म्हणजे त्याचा जोडीदार, चोपड्याकडचा, हसरा माणूस. आत जाणाऱ्याने चपला डक्टच्या तोंडाशी काढून ठेवायच्या आणि चपला दिसल्या की पंख्याला कुणी हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता. त्या दिवशी सुपरवायझर डोक्यावर बसला होता. गजेंद्रने खाली न बघता झाकण लावलं, पंखा सुरू केला. आतून धडधड ऐकू आली. बेअरिंग गेलं असेल, म्हणून त्याने तिकडे कानाडोळा केला. पाळी संपल्यावर दगा आत मेलेला सापडला.

चौकशीत गजेंद्रने सांगितलं, तो पिऊन आला होता, न सांगताच आत शिरला. दगाच्या चपला त्याआधीच गजेंद्रने खाडीत फेकल्या होत्या. दारूबंदीच्या राज्यात दारूडा ठरलेल्या माणसाची बाजू कोण घेणार? दगाची बायको सुंदरा दारोदार सांगत फिरली की आमच्या माणसाने कधी थेंब घेतला नाही. लोक मान डोलवत आणि ती गेल्यावर हसत. गजेंद्रही एकदा त्या हसणाऱ्यांत होता, आणि हे त्याला कधी विसरता आलं नाही.

पत्रा परत करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. त्याने पोचे ठोकून सपाट केले, पत्रा कापला, वाकवला, डक्ट बनवले. दोन दिवसांत काम फत्ते.

तिसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. खोली अशी गार झाली की वृषालीने पांघरूण मागितलं. मग सुषमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, नाक मुरडलं.

"अहो, वास कसाना यी ऱ्हायना?"

"पत्रा जुना शे. गंजना वास."

पण तो गंजाचा वास नव्हता. हातभट्टीची दारू कळकट ग्लासात ओतावी तसा आंबूस वास जाळीतून खाली उतरत होता. दुसऱ्या दिवशी तो पडद्यांना लागला. तिसऱ्या दिवशी गजेंद्रच्या सदऱ्यांना. शेजारीण साखर मागायला आली आणि दारातूनच परत फिरली. वृषालीने बापाला बाजूला घेऊन विचारलं.

"पप्पा, साचुं बोलो ने, खरं सांगा… तुम्ही घेता का?"

गजेंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या लेकीने विचारावं! त्याने त्याच दुपारी काय ते बघायचं ठरवलं. मशीन बंद केलं, "मी वर आहे, कुणी बटणाला हात लावू नका," असं दोघींना बजावलं आणि उदबत्त्यांचा पुडा घेऊन माळ्यावर चढला.

माळा कमरेएवढाच उंच. वर पत्रे तापलेले, आत श्वास कोंडणारी गरम हवा, पत्र्याच्या भोकांतून आलेल्या उन्हाच्या चार-दोन बारीक रेघा. गजेंद्र गुडघ्यांवर रांगत डक्टपाशी गेला. गळती शोधायची त्याची जुनी पद्धत होती. पेटलेली उदबत्ती सांध्यावरून फिरवायची. जिथे धूर हलेल तिथे गळती. पण त्याला मशीन चालू लागतं. बंद मशीनमध्ये धूर सरळच जायला हवा.

धूर सरळ गेला नाही. सांध्यापाशी तो आधी बाहेर ढकलला गेला. मग आत ओढला गेला. मग पुन्हा बाहेर… संथपणे, लयीत. उदबत्ती चंदनाची होती आणि वास हातभट्टीचा येत होता.

गजेंद्र उलटा फिरला. माळ्याचं झाकण बंद होतं. त्याने ते ढकललं, खांद्याने रेटलं, लाथा घातल्या. हललं नाही.

तेवढ्यात मशीन सुरू झालं.

"सुषमा! बंद कर! झाकण उघड!"

खाली काहीच हालचाल नाही. छपराची आग अंगावर उतरत होती, जीभ टाळूला चिकटत होती. तो डक्टवर मुठी आपटू लागला. आणि आपटता आपटता थांबला, कारण सपाट केलेले पोचे त्याच्या डोळ्यांदेखत एकेक करून वर येत होते. आतून.

तेव्हा त्याचा बांध फुटला. सांध्याला तोंड लावून तो गिरणीतलं सारं ओरडून बोलला.

"दगा पेयेल नव्हता! ऐका… पंखा मी चालू कया! चपला मी फेक्यात! तो पेयेल नव्हता!"

त्याच्या हाताखालून, डक्टच्या आतून, एक आवाज खाली खोलीकडे निघाला. शांत, जरासा जड. गजेंद्रने तो लगेच ओळखला. तो त्याचा स्वतःचा आवाज होता.

"जराशी लिधी शे… झोपू द्या माले."

खाली वृषालीचं रडू ऐकू आलं. मग सुषमाचा आवाज, असा थकलेला की गजेंद्रने तो तसा कधी ऐकला नव्हता. "ऱ्हाऊ दे बेटा. पडू दे त्यास्ले वरच."

ऊन कलल्यावर सुषमाने झाकण उघडलं. एका बोटाने उघडलं. गजेंद्र अर्धमेला होता आणि त्याच्या अंगाला इतका वास येत होता की रिक्षावाल्याने त्याला दवाखान्यात न्यायला नकार दिला.

डक्ट त्याने आठवड्याने काढून टाकले. वास गेला नाही, कारण तो आता डक्टमध्ये नव्हता. साबण, राख, लिंबू, सगळं करून झालं. गजेंद्रने तोंड उघडलं की वास सुटायचा. वृषालीचे सासरे येऊन तिला घेऊन गेले, उंबऱ्यावर पाणीसुद्धा न पिता. अमळनेरला नात झाली ते त्याला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तो लाजेने आणि रागाने रडला. मग त्याने मनाशी पक्कं केलं, आता खरं बोलायचं.

तो जुन्या गिरणीवाल्यांकडे गेला. दगाची चूक नव्हती, माझी होती, असं त्याने हात जोडून सांगितलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला. "गजूभाऊ, सकाळी सकाळी?" एक जण म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली आणि तो दहा पावलं गेल्यावर ते हसले. युनियनच्या जुन्या सेक्रेटरीला त्याने लिहून दिलं. सेक्रेटरीने कागद परत केला आणि आधी दारू सोडा, म्हणाला.

शेवटी तो रेल्वेलाइनच्या कडेला सुंदराच्या खोलीवर गेला. भर दुपार होती. ती ओट्यावर साड्यांचे धागे कापत बसली होती. एकटीच राहायची. गजेंद्र तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. चपला, बेअरिंग, चौकशी, आपलं हसणंसुद्धा. सुंदराने नाकाला पदर लावला नाही. कात्रीही थांबवली नाही.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली.

"वहिनी, मी सगळ्यास्ले सांगी ऱ्हायनू… कोनी आयकतच नही."

"मंग, आमनं कोनी आयकं व्हतं, भाऊ?"

सुंदराने कापलेले धागे मांडीवरून झटकले. मग मान वळवून ती घरातल्या अंधाराकडे बघत, घरच्या माणसाशी बोलावं तशा सुरात हळूच म्हणाली, "आयकं ना? आते तरी जेवी ल्या."

आत ताट सरकल्याचा आवाज आला. मग पाटावर कुणीतरी बसल्याचा. गजेंद्र उठला, वाकून आत बघणार, तोच दार हलकेच आतून लोटलं गेलं आणि कडी लागली.

सुंदरा बाहेरच बसून होती.