साहेबाच्या झिऱ्याचं पाणी

ही गोष्ट ऐकीव नाही. जिच्यासोबत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे आणि वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. लिहिण्याआधी मी तिला विचारलं, "ताई, नावं बदलू का?"

"काऊन बदलतं? मी कोणाचं काय चोरलं?" ती म्हणाली.

म्हणून नावं खरीच ठेवली आहेत.

तारीख २५ मे २०१३. शनिवार. बुद्धपौर्णिमा.

जागा... हिंगणीच्या पुढचं बोरचं जंगल.

तेव्हा मेघाताई एकोणतीस वर्षांची होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. नवरा अश्वजित सरकारी कचेरीत. लग्नाला चार वर्षं झाली होती. दोघांची ओळख झाली तीच एका वादातून. विहारातल्या कार्यक्रमात कुणीतरी मागच्या जन्माचं काहीतरी बोललं, आणि हे दोघं दोन कोपऱ्यांतून एकाच वेळी ताडकन उभे राहिले. "आपल्या धम्मात आत्मा नाई अन् पुनर्जन्म बी नाई!" सगळे हसले. सहा महिन्यांत लग्न लागलं.

ताईचा त्याच्यावर आंधळा विश्वास होता. मी तेव्हा कॉलेजात होते, तिला चिडवायची, "जिजाजींनी दिवसाला रात्र म्हटलं तर तू दिवा लावशील." ती लाजायची, पण नाही म्हणायची नाही.

बुद्धपौर्णिमेला जंगलात पाणवठ्यावर प्राणीगणना असते. दोघादोघांना मचाणावर बसवतात, हातात तक्ता देतात. कोणतं जनावर आलं, किती वाजता, नर की मादी, सगळं लिहायचं. नियम कडक. बोलायचं नाही. खाली उतरायचं नाही. सकाळी गाडी येईपर्यंत मचाण सोडायचं नाही.

अश्वजित तीन वर्षं एका मित्रासोबत जात होता. दरवर्षी तोच एक पाणवठा मागून घ्यायचा. त्या वर्षी म्हणाला, "मेघा, यंदा तू चाल."

ताईला केवढा आनंद झाला. सकाळी विहारात वंदना केली, खीर वाटली, आणि दुपारी दोघं निघाले.

जंगलातल्या जीपमध्ये बंडूजी होते. वनखात्यातले जुने मजूर, वय साठीच्या आसपास, तोंडात सतत सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्यांनीच त्या पाणवठ्याची गोष्ट काढली.

"त्याले साहेबाचा झिरा म्हणते. राणीच्या राज्यात, वर्ध्याले आगगाडी नवी नवी आली तवा, एक गोरा साहेब आलता. बंदूक, दुर्बीण, चामड्याच्या नळीत नकाशा. त्याले कोणीतरी सांगतलं का या झिऱ्याचं पाणी पेलं का माणूस मरत नाई. दोन बैलबंड्या भरून सामान आणलं पोट्ट्यानं."

"तीन," अश्वजित म्हणाला.

तो खिडकीबाहेर पाहत होता.

बंडूजी थबकले. "काय म्हटलं साहेब?"

"काई नाई. सांगा तुम्ही."

"त साहेबाची हिंमत झाली नाई. म्हणे आधी कोणीतरी पिऊन दाखवा. त्याच्यासोबत वर्ध्याचा एक मुनशी होता. मुनशीनं आपल्या बायकोले पाजलं. देवका नाव होतं तिचं. म्हणे, तू पी, मंग मी पेतो, दोघं जलमभर सोबत राहू. ती बिचारी पेली. मुनशी नाई पेला. साहेब तापानं मेला अन् मुनशी आगगाडीत बसून पळाला. तिले म्हणे, इथंच थांब, येतोच."

"मग?" ताईनं विचारलं.

"मंग काय. अजून थांबलीच हाये म्हणते."

अशा गोष्टी ऐकल्या की अश्वजित समोरच्यावर तुटून पडायचा. त्या दिवशी त्यानं वाद घातला नाही. उकाड्यानं थकला असेल, असं ताईला वाटलं.

साडेतीनला बंडूजींनी त्यांना मचाणावर चढवलं. "काई झालं तरी उतरू नका. सकायी सातले येतो." जीप गेली.

ऊन मी म्हणत होतं. सागाची पानं गळून गेलेली. खाली एक झिरा, म्हणजे नाल्याच्या कोरड्या पात्रात झिरपून साचलेलं हातभर पाणी. तीन बाजूंनी जुने घडीव दगड लावलेले. आसपासच्या दोन कोसांत दुसरं पाणी नव्हतं.

तरी... एक पाखरू आलं नाही.

चार वाजले. साडेचार. ताईच्या हातातला तक्ता कोराच. तहानेनं वानरं वेडी व्हावीत असं ऊन, आणि लांबच्या झाडांवर ती गप्प बसून झिऱ्याकडं नुसती पाहत होती.

पाच वाजता अश्वजितचा पाय लागून पाण्याची कॅन खाली पडली. झाकण निघालं. सगळं पाणी मातीनं पिऊन टाकलं.

ताईनं हातानंच विचारलं, आता?

त्यानं हातानंच सांगितलं, थांब. रिकामी बाटली घेतली आणि तो शिडी उतरू लागला. ताईनं त्याची बाही धरली. त्यानं हळूच सोडवली.

आणि मग... आवाज आला.

डुबुक. डुबुक. डुबुक.

कुणीतरी भांडं भरत होतं. अश्वजित अजून शिडीवर होता, आणि झिऱ्यावर कुणीच नव्हतं.

ताईनं डोळे चोळले. परत पाहिलं तेव्हा तो झिऱ्यापाशी पोचला होता. त्याच्या शेजारी... एक बाई होती. जाडंभरडं लाल काठाचं लुगडं. बाईनं त्याच्या हातातून बाटली घेतली, वाकून भरली, आणि प्लास्टिकची बाटली कशी धरावी हे माहीत नसल्यासारखी दोन्ही हातांनी धरून परत दिली. लख्ख उन्हात. ताईपासून वीस पावलांवर.

तो वर आला तेव्हा ताई कुजबुजली, "कोण हाये थे?"

"कोण? कोणीच नाई. ऊन लागलं तुले. पाणी पी."

ताईनं खाली पाहिलं. बाई नव्हती. दगडावर ओल्या पावलांचे दोन ठसे होते... आणि त्या उन्हात ते वाळत नव्हते.

तिनं बाटलीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं. तो तिचा नवरा होता. ती प्यायली.

पाणी गार होतं. गोड होतं. अर्धी बाटली पिऊन तिनं त्याच्यापुढं केली. "तू?"

"तू पी. मी पेतो मंग."

तो रडत होता. चार वर्षांत तिनं त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "इथंच थांब. येतोच."

तो उतरला. नाल्याच्या काठाकाठानं चालू लागला. दहा पावलांवर ती बाई त्याच्या बाजूला होती. दोघं वळणावरून दिसेनासे झाले. त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही.

ताई आजही म्हणते, तेव्हाच बोंबलायला पाहिजे होतं. पण बोलायचं नाही हा नियम होता. उतरायचं नाही हा नियम होता. शाळेत पोरांना नियम शिकवणारी बाई ती. आणि तो म्हणाला होता, येतोच.

ते दोघं गेले आणि पाचच मिनिटांत... वानरं खाली उतरली. मागून मोर आले. चितळं आली. रात्री रानगवे आले, एक अस्वल आलं. सगळं जंगल झिऱ्यावर लोटलं. ताईनं डोळे पुसत पुसत सगळ्यांची नोंद केली. तिला वाटत होतं, तो आला की तक्ता पाहून खूश होईल.

सकाळी सातला बंडूजी आले. "साहेब कुठी हायेत?"

ताई मोठ्यानं रडली ती तेव्हा.

पोलीस झाले, शोध झाला. वाघानं नेला असेल असं लोक म्हणाले. पण कपड्याची चिंधी सापडली नाही, रक्ताचा थेंब नाही. बंडूजी मात्र झिऱ्याकडं पाहून एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही इथलं पाणी त नाई ना पेलं?"

ताई उठून जीपमध्ये जाऊन बसली.

पुढची दहा-बारा वर्षं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्या महिन्यापासून तिची पाळी बंद झाली. सगळ्या तपासण्या नॉर्मल. वर्षभरानं तिच्या लक्षात आलं, की तिनं नखं कापलीच नाहीत. वाढतच नव्हती. केस खांद्यावर होते, तिथंच राहिले.

सुरुवातीला आम्ही गंमत करायचो. शाळेतल्या बाया विचारायच्या, "मेघा, कोणती क्रीम लावून राह्यली?" मग हळूहळू कुणी विचारेनासं झालं. गेल्या वर्षी हिंगणघाटला एका लग्नात मला एक बाई म्हणाली, "ही तुमची लहान बहीण का?" मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे. ताई ऐकून तिथून उठली आणि बसस्टँडवर जाऊन बसली.

तरी ती मानायला तयार नव्हती. "असं काई नसते, अंजू. काईतरी बिमारी असंल."

मग मागच्या हिवाळ्यात ती एका प्रशिक्षणाला वडनेरला गेली. आठवडी बाजाराचा दिवस होता. दुपारी एकच्या सुमारास, कांद्याच्या ढिगामागं... अश्वजित बसला होता.

डोक्याचे अर्धे केस पिकलेले. पोट सुटलेलं. शेजारी एक बाई. तिचेही केस पिकायला लागलेले, दोन दात पडलेले, खोकत होती, आणि खोकता खोकता हसत होती. ताईनं तिला लगेच ओळखलं.

त्यानं वर पाहिलं. पळाला नाही.

"तू जिवंत हायेस?" ताई म्हणाली.

"हो. म्हातारा होऊन राह्यलो."

"मले काऊन सोडलं?"

त्यानं हातातला कांदा ढिगावर ठेवला. मग बोलला. "तिले मी फसवलं होतं मेघा. मुनशी होतो तवाच्या जन्मी. झिऱ्यावर पह्यल्यांदा गेलो त्याच वर्षी मले सगळं आठोलं. दीडशेक वर्सं ती माही वाट पाहून राह्यली होती. तिनं आपल्या हातानं झिऱ्याचं पाणी भरलं, अन् ते दुसऱ्या कोणी भरोशानं पेलं, तरच ती सुटणार होती. तुह्याशिवाय माह्यावर एवढा भरोसा कोणाचा होता?"

"अन् माहं काय?"

"तू त हे मानतच नाई ना. आत्मा नाई, पुनर्जन्म नाई. मंग तुले काय फरक पडते?"

हे तो तिच्या तोंडावर म्हणाला. ज्या गोष्टीवर दोघांचं लग्न जमलं होतं, तीच त्यानं तिच्यापुढं फेकली. मला हे लिहितानासुद्धा संताप येतो.

ती बाई उठून पुढं आली. ताईचा हात हातात घेतला. तिचा हात गरम होता, साध्या माणसासारखा. "बाई, कोणाची वाट नोको पाहू," ती म्हणाली. "मी पाह्यली. लय वाईट असते."

ताई परत आली. पोलिसांत गेली नाही. काय सांगणार होती?

त्यानंतर मी रोज तिच्याकडं जायचे. ती जेवायची नाही, आरशाला टॉवेल टाकून ठेवला होता. एकदा म्हणाली, "अंजू, तुम्ही सगळे जासान. तुही पोरगी म्हातारी होऊन जाईन. तिची पोरगी बी. मी इथंच राहीन." मी तिला जवळ घेतलं.

मागच्या रविवारी गेले तर घर झाडलेलं होतं. आरशावरचा टॉवेल काढला होता. ताईनं चांगली साडी नेसली होती.

"काल हिंगणीच्या जंगलात गेलती," ती म्हणाली. सहज. "बस, चहा ठेवते."

मी तिथं किती हजार वेळा चहा प्याले असेन. आतून स्टोव्हचा आवाज आला. साखरेचा डबा उघडल्याचा आला. मग... बराच वेळ काहीच आला नाही.

ती कप घेऊन बाहेर आली. एकच कप.

"तू?" मी विचारलं.

"तू घे. मी घेते मंग."

माझा हात उचलला गेला नाही. वाफ निवली, वर साय धरली. ताई समोर बसून माझ्याकडं पाहत होती.

"तुहा बी भरोसा नाई का, अंजू?"

मी कप तिच्याकडं सरकवला.

तिनं कप उचलला, आत नेला आणि मोरीत ओतला. ओतताना ती हुंदके देत होती. त्या चहात काही होतं की नव्हतं, मला माहीत नाही. तिला विचारायची माझी हिंमत नाही.

मी अजूनही रोज जाते. शेजारी बसते, बोलते. पण तिच्या घरी पाणीसुद्धा घेत नाही.

आता ती विचारतही नाही.