डाव्या भिंतीवरची खूण

मावशीला तळं दाखवायला न्यायचं ठरलं, तेव्हा भाचीने बॅगेत कपडे भरायच्या आधी मोजपट्टी शोधली. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. पेशंटला घरी सोडायच्या आधी त्याचं घर स्वतः जाऊन मोजायचं, हा तिचा वीस वर्षांचा शिरस्ता. दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची पावलं. न्हाणीघरात आधाराची दांडी कुठे बसवायची हे तर ती झोपेतही सांगेल. हात सैल सोडला की मनगटाची रेष जिथे येते, तिथे दांडी. आणि माणसाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला असेल, तर ज्या बाजूत जीव उरलाय त्या बाजूला.

"ही स्वर्गातसुद्धा आधी एकटी जाऊन पायऱ्या मोजून येईल," मावशी म्हणायची.

पण या वेळी थट्टेवर नेण्यासारखं नव्हतं. मावशी ऐंशीला टेकली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की अजून चार-सहा महिने दिसेल, पुढे फार तर उजेड-अंधार कळेल. मावशीने ते ऐकलं, चष्मा पदराला पुसला आणि म्हणाली, "मग मला ते डोंगरातलं तळं दाखव. ताई आणि मी जाणार होतो."

ताई म्हणजे भाचीची आई. दोघी बहिणींचा हा बेत जुना. "आई, तुझी धाप जरा कमी होऊ दे, मग जाऊ," असं म्हणत भाचीनेच दोन वर्षं चालढकल केली होती. तिसऱ्या वर्षी आई गेली. त्याला आता नऊ वर्षं झाली. भाची हे कुणापाशी बोलत नसे, पण विसरलीही नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ती एकटीच गाडी घेऊन तळ्याकाठच्या विश्रामगृहावर पोहोचली. पत्र्याच्या छपराची बैठी इमारत, सहा खोल्या, भर दुपारीही ओलसर गारवा. तिथला व्यवस्थापक उतारवयाचा, हळू बोलणारा माणूस. किल्ल्यांचा जुडगा घेऊन तो पायरीवरच उभा होता.

"या. मोजायला आलात ना?"

फोनवर आपण फक्त खोली बघायला येतो म्हणालो होतो, असं तिला वाटलं. पण असेल, बोलून गेलो असू.

कोपऱ्यातली खोली चांगली होती. खिडकीखालीच पाणी. ते काठाच्या दगडांना लागून चुळुक... चुळुक... वाजत होतं. खोलीत ओल्या भिंतीचा वास होता, आणि त्याखाली नीलगिरीच्या तेलाचा. आई शेवटच्या दिवसांत तेच तेल छातीला चोळायची. कुणा सर्दीवाल्याने आधी खोली घेतली असेल, असं स्वतःला सांगून तिने न्हाणीघराचं दार उघडलं.

उजव्या भिंतीवर नवीकोरी दांडी होती. तिने पट्टी लावली. बहात्तर सेंटिमीटर. मावशीच्या मनगटाची नेमकी उंची. मावशीचा डावा गुडघा अधू, म्हणून आधारही उजवीकडेच हवा होता.

"ही कुणी बसवायला सांगितली?"

"तुमच्या आईंनी," व्यवस्थापक म्हणाला. "फोन आला होता. बोलताना मधेमधे थांबत होत्या... धाप लागल्यासारख्या. म्हणाल्या, लेक मोजायला येईलच, पण तिच्या भरवशावर बसलं की जाणं राहूनच जातं."

तिने पट्टी पुन्हा दांडीला लावून पाहिली. बहात्तरच. तेवढ्यात डाव्या भिंतीवर तिला पेन्सिलीच्या दोन फुल्या दिसल्या.

"आणि ही खूण?"

"तीही त्यांचीच. ब्याऐंशीवर. पण म्हणाल्या, नुसती खूण करून ठेवा... घाई नाही."

घरी येऊन तिने मावशीला विचारलं, "तू फोन केला होतास तिथे? आईच्या नावाने?"

"मला फोनवरचे आकडे दिसले असते तर तुझी मिनतवारी केली असती का?" मावशी मोजे घडी करत होती.

"मग कोणी केला?"

"ताईच असेल गं. तिला कधी धीर होता?" दूधवाला येऊन गेला असेल म्हणावं, इतक्या सहज तिने सांगितलं.

बेत रद्द करायला भाचीने दोनदा फोन उचलला. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज. रद्द करायचं म्हणजे पुन्हा तेच, 'पुढच्या वर्षी जाऊ'. मावशीच्या डोळ्यांना पुढचं वर्ष नव्हतं. तिने फोन ठेवून दिला.

पंधरा दिवसांनी, सकाळच्या उन्हात, मावशी त्या खिडकीशी बसली. मग एकेक सांगू लागली. पाण्यात उलटे पडलेले डोंगर. एक पांढरा पक्षी. काठावरचं वाकलेलं झाड. प्रत्येक गोष्ट ती बोटाने दाखवत होती, जणू नीट ठेवून देत होती. भाचीला भरून आलं. निदान एवढं तरी आपल्या हातून झालं, असं तिला वाटलं.

मावशीचं तोंड पुसायला टॉवेल भिजवावा म्हणून ती न्हाणीघरात गेली.

डाव्या भिंतीवरच्या फुल्या नव्हत्या. तिथे दांडी होती. स्क्रू अजून चकाकत होते.

दारात चहाचा ट्रे घेऊन व्यवस्थापक उभा होता. "काल परत फोन आला," तो हळूच म्हणाला. "म्हणाल्या... आता बसवून टाका."

तो ट्रे ठेवून निघून गेला. खोलीत नीलगिरीचा वास दाटला होता. भाची दांडीशेजारी उभी राहिली आणि सवयीने डावा हात सैल सोडला. मनगटाची रेष बरोबर दांडीवर आली. केसभरही वर नाही, खाली नाही.

तिने दांडी घट्ट धरली.

"अगं, टॉवेल आणतेस ना?" बाहेरून मावशीने विचारलं.

"आणते..." म्हणत तिने खाली पाहिलं. टॉवेल तिच्या पायाशी पडला होता. उजव्या हाताची बोटं अजून तो धरल्यासारखीच मिटलेली होती. तो हातातून कधी सुटला, ते तिला कळलंच नव्हतं.