अरुणाकाकूंच्या घराला गौरांगीची अट

रविवारी दुपारी पाऊस भुरभुरत होता, आणि गौरांगी जे घर घेणार होती त्याच्याच मागच्या अंगणात एक उंच माणूस काहीतरी पुरत होता.

आता ही गौरांगी किती संशयी, तर दुधात पाणी नसलं तरी विचारायची, का बरं नाही? तिच्या बाबांनी नागपुरात फ्लॅट घेतला, तोच बिल्डरनं आणखी दोघांना विकला. तेव्हापासून त्या घराण्यात कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की आधी खिडकीतून डोकावून खात्री करायचे. असली मुलगी कॅनडात किचनरला सॉफ्टवेअरमध्ये लागली आणि २०१६ च्या त्या ऑक्टोबरात आयुष्यातलं पहिलं घर घ्यायला निघाली. ऑफर मान्य झाली होती, पण अटीवर. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत घर तपासून घ्यायचं. पटलं तर सही करून अट सोडायची, नाही तर आपला रस्ता धरायचा. आणि बाजार असा तापलेला, की हे घर हातचं गेलं तर दुसरं कधी मिळेल ते देवच जाणे.

"काय पुरताय?" तिनं कुंपणापलीकडून विचारलं.

तो दचकला. "पुरत नाहीये... उकरतोय. आय मीन, गार्डनिंग."

"ऑक्टोबरात?"

"ऑक्टोबरातच." त्यानं पायानं एक पोतं हळूच मागे सरकवलं. "आणि तुम्ही?"

एजंटला न सांगता आपण गुपचूप आलोय, हे कसं सांगणार? "माझी मांजर हरवलीय."

"नाव काय तिचं?"

"...मैना."

झालं. त्या माणसानं कुदळ टाकली आणि डेकखाली वाकून "मैना, मैना" सुरू केलं. केस चिंब, पापण्यांवरून पाणी ठिबकतंय, मध्येच वर बघून हसतोय. हसणं छान होतं... म्हणूनच गौरांगीला जास्त संशय आला. परक्या मांजरीसाठी कुणी इतकं भिजतं का? नाव देवदत्त, म्हणाला. जवळच्या, कॅनडातल्याच लंडनच्या हॉस्पिटलात फिजिओ. घर त्याच्या आईचं. सापडली तर कळवतो म्हणून नंबरही घेतला.

तिनं घरी जाऊन आधी वकिलीणबाईंना, माधवीला, फोन लावला.

"ताजी माती?" माधवी म्हणाली. "जुन्या घरांच्या अंगणात कधी कधी घर तापवायच्या तेलाची टाकी पुरलेली असते बरं का. इन्शुरन्सवाले नाक मुरडतात. घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला ते मुद्दाम बघायला सांग. आणि एक लक्षात ठेव, डोळ्यांना दिसणारा दोष शोधणं हे तुझं काम. न दिसणारा त्यांनी माहीत असून झाकला, तर कोर्टात खेचता येतं. पण नंतर भांडण्यापेक्षा आधी बघितलेलं बरं."

इकडे देवदत्तनं बुधवारपर्यंत अर्ध्या किचनरमधल्या मांजरींचे फोटो धाडले. त्यात एक तर चक्क झुपकेदार शेपटीचं जंगली रॅकून होतं.

'ही का?'

'हिच्या मिशा जास्त आहेत.'

'मग कॉफीला भेटून नीट वर्णन सांगा ना.'

'पोलीस आहात का?'

'तुम्हीच जास्त वाटता.'

गौरांगीनं फोन पालथा ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा सुलटा केला.

गुरुवारी ती इन्स्पेक्टरला घेऊन गेली, तर दार देवदत्तनंच उघडलं. "अच्छा," तो म्हणाला, "मैनेच्या मालकीणबाई घर घेतायत."

इन्स्पेक्टरनं यंत्र लावून अख्खं अंगण पालथं घातलं. टाकी नव्हती.

"मग पोत्यात काय होतं?" गौरांगीनं विचारलं.

"अळू," आतून आवाज आला. देवदत्तची आई, अरुणाकाकू, कमरेवर हात ठेवून उभ्या. बेसमेंटमध्ये कोरड्या वाळूच्या खोक्यात अळकुड्या निजलेल्या त्यांनी दाखवल्या. हिवाळ्यात आत, उन्हाळ्यात बाहेर, असं चाळीस-एक वर्षं चाललेलं. पानं एवढी व्हायची, की पाऊस आला की पोस्टमन सायकलीसकट पानाखाली थांबायचा.

"एजंट म्हणाला, जमिनीत रुजलंय ते घराबरोबर जातं, सुटं तेवढं तुमचं," काकू म्हणाल्या. "मग केलं सुटं."

"पण ऑफर मान्य झाल्यावर उकरलंत. म्हणजे कायद्यानं ते माझं."

"कायद्याला फदफदं करता येतं का?"

गौरांगीला हसू आवरेना. काकू चहा टाकायला वर गेल्या.

"मांजर नव्हतीच, हे मला तेव्हाच कळलं," देवदत्त हळूच म्हणाला. "तुम्ही सगळा वेळ पोत्याकडे बघत होतात."

"मग फोटो कशाला पाठवलेत?"

"तुम्ही... रिप्लाय देत होतात."

शुक्रवारी इन्स्पेक्टरचा रिपोर्ट आला, सगळं ठीक. आता फक्त सही बाकी. तेवढ्यात देवदत्तचा फोन, 'सही करायच्या आधी एकदा या.' झालं, पुन्हा पाल चुकचुकली.

काकू मिसिसागा शहराला गेल्या होत्या, नवा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, बघायला. हे घर विकलं तरच तो त्यांना मिळणार होता. देवदत्त तिला बेसमेंटच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथं एक मोठा फ्रीजर उभा होता.

"ह्याच्यामागची भिंत मार्चमध्ये, बर्फ वितळला की ओली होते. आईला वाटतं फ्रीजरचा आडोसा आहे, कुणाला कळणार नाही. इन्स्पेक्टरला नाहीच कळलं."

गौरांगीनं विचारलं, "मला का सांगताय? मी निघून गेले तर आईंचा कॉन्डो गेला."

"माहितेय. आई मला घरात घेणार नाही." त्यानं मान खाली घातली. "पण मार्चमध्ये तुम्ही इथं ओल्या भिंतीसमोर उभ्या राहाल... आणि माझ्याकडे त्या पहिल्या दिवसासारखं बघाल. ते मला नकोय. आवडता तुम्ही मला. ते रॅकून पाठवलं ना, तेव्हापासूनच."

तिनं फ्रीजरला खांदा लावला. दोघांनी मिळून फ्रीजर ढकलला. भिंतीवर पिवळट डाग, पार गुडघ्यापर्यंत. गौरांगीनं त्यावर हात ठेवला. गार होती भिंत. देवदत्त जीव मुठीत धरून उभा.

तिनं फोन स्पीकरवर टाकला. "माधवी, बेसमेंटची एक भिंत ओली होते. ताबा द्यायच्या आधी विकणारे ती दुरुस्त करून देतील, असं करारात घाल. मग मी अट सोडते."

"विकणारे तयार आहेत?"

"मुलगा आईला तयार करणार आहे."

"आणि त्या मुलावर विश्वास आहे तुझा?"

गौरांगीनं देवदत्तकडे पाहिलं. कोपरापर्यंत धूळ, कपाळावर जाळं.

"हो," ती म्हणाली. "पण लेखी घे."

फोन बंद झाला. देवदत्तनं विचारलं, "भिंतीचं लेखी. आणि... बाकीचं?"

"बाकीचं तोंडी चालेल," ती म्हणाली, आणि फ्रीजरला टेकून उभी राहिली. "सांग. ऐकतेय."