विहिरीवरचा बिल्ला

गळ विहिरीत कशाला तरी अडकला आणि काठावरची माणसं एकदम गप्प झाली.

दोघा गड्यांनी दोर ओढायला सुरुवात केली. साळूबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. वर आली ती एक फुटकी बादली.

कुणीतरी सुस्कारा टाकला. गळ पुन्हा पाण्यात गेला.

जुन्या जालन्याबाहेर, भोकरदनच्या रस्त्यावरच्या त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात सन चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीनंतरची ती सकाळ होती. साळूबाईची चौदा वर्षांची लेक बेबीनंदा सापडत नव्हती. तिचा पितळी बिल्ला तेवढा विहिरीच्या काठावर मिळाला होता.

अप्पाराव खरातांनी तो हातात घेतला. ते कारखाना निरीक्षक. न कळवता तपासणी करायची म्हणून औरंगाबादहून आले, जीपमधून उतरून आत पाऊल टाकतात तोच विहिरीकडून ओरडा ऐकू आला. बिल्ला त्यांच्या ओळखीचा होता. चौदा वर्षं पुरी झालेल्या पोराला सरकारी डॉक्टर तपासतो, दात मोजतो, मग दाखला मिळतो आणि त्याच्या नंबरचा बिल्ला. बिल्ला गळ्यात असेल तरच काम, तेही दिवसाउजेडी, साडेचार तास. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. कायदा चांगला होता. पण कायद्याला डोळे नसतात, ते निरीक्षकाला वापरावे लागतात.

"बाई, पोरगी शेवटची कधी दिसली?"

साळूबाईने आधी दिवाणजींकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"सकाळी, साहेब. भोंगा झाल्यावर. माझ्यासंगंच आल्ती."

"नंतर?"

"मंग... मंग मी माझ्या कामाला लागले."

बद्रीनाथ दिवाणजी पुढे झाले. पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. शेठ महिन्यातून पंधरा दिवस मुंबईला, त्यामुळे कारभार सगळा यांच्याकडे. कामावरच्या पोरी त्यांना मामा म्हणत.

"मी सोता तिच्या गळ्यात बिल्ला घातला, साहेब. चांगलं घंटाभर काम केलं तिनं. मंग म्हणली, मामा, पाणी पिऊन येते. पाय घसरला असंल हो लेकराचा!" त्यांचे डोळे भरून आले.

थंडीने सगळ्यांनी कानाला काही ना काही गुंडाळलं होतं. दिवाणजी नुसत्या सदऱ्यावर हाताची घडी घालून कुडकुडत होते.

"थंडी वाजतेय?"

"काळजीनं जीव थरथरून राह्यला, साहेब."

तेवढ्यात मुकादम मच्छिंद्र बायकांवर खेकसला, "तमाशा हाय का इथं? चला कामाला! इंजन फुकट चालून राह्यलं!" आडदांड देह, तांबारलेले डोळे. पोरी भेदरून पांगल्या. त्यांच्या केसांवर, झंपरांवर कापसाचे पांढरे तंतू चिकटले होते. गळ्यातल्या बिल्ल्यांचे काळे दोरे मात्र तुळतुळीत होते. अप्पारावांनी ते पाहून घेतलं. हातातल्या बिल्ल्याचा दोराही त्यांनी बोटांवर फिरवला. बोटांना काही लागलं नाही.

पोरगी विहिरीत असेल ही एक भीती. आणि नसेल, तर मग कुठे आहे?

ते फाटकाकडे वळले. तिथे एक रिकामी बैलगाडी उभी होती आणि गाडीवान रामराव बैलांवर राग काढत होता. त्याची फेरी रोजची, इथून सरकी भरायची आणि तेलघाणीला न्यायची.

"कधीपासून थांबलात?"

"सकाळधरनं. आज सरकी न्हाई म्हनं! जिन तर बराबर चालू हाय. कापसातनं सरकी न्हाई पडत, तर काय पेढे पडतात का?"

"कोण म्हणालं?"

"आतून निरोप आला. कोठार उघडणार न्हाई म्हनं आज."

अप्पाराव जिनघरात गेले. इंजिनाच्या धडधडीने जमीन हादरत होती. रांगेतली यंत्रं कापूस गिळत होती. टोकाचं एक तेवढं बंद होतं, त्याचा पट्टा काढून ठेवलेला. बाकी यंत्रांवर कापसाचा बोटभर थर होता. या बंद यंत्राचा चामडी रूळ ओल्या फडक्याने पुसल्यासारखा लख्ख. कारखान्यात इतकी स्वच्छता कुणी उगाच करत नाही.

"हे बंद का?"

मच्छिंद्र मान खाली घालून म्हणाला, "पट्टा निसटला म्हनं. मी इकडं आलो तवा बंदच व्हतं."

"तोवर तुम्ही कुठे होता?"

"इंजनापाशी. आज लवकर लावलं इंजन. भोंग्याच्या लई आधी, अंधारातच."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मुकादमाने वळून दाराकडे पाहिलं. एवढ्या दांडग्या माणसाच्या कपाळावर घाम होता.

"हुकूम आला, लावलं," तो शेवटी पुटपुटला. "मालकाच्या माणसाला कोण इचारतं, साहेब?"

अप्पाराव जवळजवळ धावतच विहिरीवर आले. साळूबाईला त्यांनी जीपच्या आडोशाला नेलं.

"बाई, तुमची लेक भोंग्यानंतर आली नाही."

"आली, साहेब! माझ्या..."

"तिनं आज बिल्ला घातलाच नाही. आता खरं सांगा. वेळ नाही."

"खरं सांगितलं तर तुमी तिचं काम बंद करचाल?"

"बाई, काम राहील नाहीतर पोर राहील. कोणतं राखायचं ते बोला!"

असं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. साळूबाई मटकन खाली बसली.

"अंधारात गेल्ती. मामानं बोलावलं व्हतं, रूळ साफ करायला. मी आले तवा दिसली न्हाई. मामा म्हनला, हात-पाय धुवायला गेली. साहेबाला सांगू नका म्हनला, अंधारात काम केलं कळलं तर बिल्ला काढून घेतेत."

"इंजिन बंद करा!" अप्पाराव ओरडले. "पहार आणा!"

सरकीचं कोठार जिनघराच्या मागे होतं; जिनांखालची सरकी पन्हळीतून थेट आत पडत असे. दाराला भलंमोठं कुलूप. सगळे तिथे जमले तोवर इंजिन थांबलं. अप्पारावांनी दाराला कान लावला. सकाळपासून त्या आवाजात हत्ती ओरडला असता तरी कळलं नसतं. आता टाचणी पडली तरी कळलं असतं.

आतून काहीच ऐकू आलं नाही.

"नंदे!" साळूबाईने दारावर हात आपटले. उत्तर नाही.

"किल्ली द्या, दिवाणजी."

"किल्ली? ती तर शेठकडं हाय, साहेब. मुंबईला."

"मच्छिंद्र, कुलूप तोडा."

मुकादम घुटमळला. "शेठचं कोठार... कशापायी, साहेब? बिल्ला तर तिकडं घावला."

"बिल्ला तिकडे टाकला म्हणून घावला. तोडा, तोडता तोडता ऐका."

पहारीचा पहिला घाव पडला.

"दिवाणजी म्हणाले, पोरगी बिल्ला घालून घंटाभर जिनावर होती. मग त्याच्या दोऱ्यावर कापसाचा एक तंतू कसा नाही? तुमच्या सगळ्या पोरींचे दोरेही तसेच कोरे आहेत. कारण इथली रीतच तशी. बिल्ले हरवतील म्हणून कपाटात ठेवायचे आणि आमची जीप फाटकाशी वाजली की घाईघाईनं गळ्यात अडकवायचे. खरं की खोटं?"

पोरींनी माना खाली घातल्या.

"जीप आली तेव्हा नंदा इथे नव्हती. तिचा बिल्ला कपाटातच होता. तो विहिरीपर्यंत चालत गेला नाही. कपाटाची किल्ली कुणाकडे?"

सगळ्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या.

"साहेब, बिलकुल झूट..." दिवाणजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुसरा घाव. कडी वाकली.

"अंधारात इंजिन लावलं, चालत्या यंत्राचा रूळ त्या पोरीकडून पुसून घेतला. हात अडकला. अपघात कळवावा लागतो, आणि कळवला तर आधी विचारणार की चौदा वर्षांची पोर अंधारात तिथे काय करत होती. तुम्ही पट्टा काढलात, रूळ धुतलात, तिला इथे कोंडलंत. सरकी न्यायला गाडी आली, ती फाटकावरच अडवलीत. भोंगा झाल्यावर आई विचारू लागली. त्यात माझी जीप. मग सगळ्यांना विहिरीवर पाठवायला बिल्ला बरा सापडला!"

"पुरावा काय, साहेब?"

"तुम्ही कुडकुडताय तो. मागच्या तपासणीला उन्हातसुद्धा तुमच्या खांद्यावर उपरणं होतं. आज एवढ्या थंडीत कुठे गेलं?"

तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. दार ढकललं, पण ते हाताएवढंच सरकलं. सकाळभर पडत राहिलेल्या सरकीचा ढीग आतून दाराशी रेलला होता. मच्छिंद्रने खांदा लावला आणि आत घुसून दोन्ही हातांनी उपसायला लागला. रामराव आला, बायका आल्या, पोरी आल्या. कुणी पाट्यांनी, कुणी ओंजळींनी. साळूबाई नखांनी उकरत होती.

"हाय!" मच्छिंद्र ओरडला. "हाय इथं!"

भिंतीच्या कोपऱ्यात बेबीनंदा छातीपर्यंत सरकीत रुतली होती. चेहरा चुन्यासारखा पांढरा. उजवा हात कापडात गुंडाळलेला. कापड रक्ताने काळं पडलं होतं, तरी जरीचा काठ ओळखू येत होता. दिवाणजींचं उपरणं.

अप्पारावांनी तिच्या नाकाशी बोटं धरली. एक क्षण काहीच लागलं नाही. मग कोमट, हलकासा श्वास लागला. साळूबाईने लेकीचं डोकं छातीशी ओढलं आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

"सांजच्याला डाक्टरकडं नेणारच व्हतो मी..." दिवाणजी मागे सरकत म्हणाले. त्यांची मानगूट मच्छिंद्रने धरली. सकाळपासून तो ज्यांना भीत होता त्यांना त्याने एका हाताने भिंतीशी दाबलं. "पोलीस येईस्तोवर हितंच," तो म्हणाला.

जीप दारापर्यंत आणली. अप्पारावांनी पोरीला स्वतः उचललं. अंगात काही वजनच नव्हतं. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर ठेवताना तिने डोळे उघडले. आईकडे नाही, आधी तिने साहेबांकडे पाहिलं, आणि ती घाबरली. ते त्यांना स्पष्ट दिसलं.

"घाबरू नको, बाळ. दवाखान्यात चाललोय."

तिचे ओठ हलले. त्यांनी कान जवळ नेला.

"भोंग्यानंतरच आल्ते मी, साहेब," ती म्हणाली. "आईला इचारा."

आणि तिचा धड असलेला डावा हात गळ्यापाशी बिल्ला चाचपत राहिला.