हाउसर विरुद्ध हाउसर

चिठ्ठीवरची शाई अजून पुरती वाळली नव्हती.

काउंटरच्या अलीकडे मी, पलीकडे ओरिन टॅगर्ट. मध्ये ओकच्या झिजलेल्या फळीवर त्याने माझ्याकडे सरकवलेली मागणीची चिठ्ठी. खिडकीच्या सैल तावदानावर एप्रिलचा वारा पुन्हा पुन्हा धडकत होता. ओरिन टोपी काढून हातात धरून उभा होता आणि टोपीची कड बोटांनी गोल गोल फिरवत होता.

चिठ्ठीवर त्याच्या तिरक्या, सुबक अक्षरात लिहिलं होतं: हाउसर विरुद्ध हाउसर. घटस्फोटाचा हुकूमनामा. शिक्क्याची प्रत, एक.

त्यातली एक हाउसर मी. नऊ वर्षांत ते नाव माझ्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं. गावाने ते किती अदबीने पुसून टाकलं होतं! मी पुन्हा ट्वायला नोव्होत्नी झाले होते, माझ्या आजीच्या दारावरची पाटी असावी तशी जुनी आणि निर्विवाद. आणि आता ते पुसलेलं नाव या माणसाच्या अक्षरात माझ्यासमोर पडलं होतं. याच माणसाने परवाच्या रविवारी नदीकाठी माझ्या केसांतून वाळलेलं पान काढलं होतं… आणि हात मागे घ्यायला विसरला होता.

का, असं मला विचारायचं होतं. पण आमच्या कचेरीत तेवढं एकच विचारायचं नसतं.

सात वर्षांपूर्वी मी इथे लागले तेव्हा व्हर्नाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. व्हर्ना म्हणजे आमच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, क्लर्क, चार वेळा निवडून आलेली. जमिनीचे दस्त, लग्नाचे परवाने, कोर्टाच्या फायली, सगळं तिच्या एका छपराखाली. ती म्हणाली होती, "पोरी, नोंदी सगळ्यांच्या असतात. कुणी शेजाऱ्याचा बांध बघायला येतो, कुणाची सून सासूचं मृत्युपत्र वाचायला येते. चेहरा बघायचा, कारण विचारायचं नाही."

मी चेहरा बघितला. ओरिनच्या डोळ्यांत अपराधीपणा होता.

जानेवारीत तो आला तेव्हा त्याच्या खांद्यांवर बर्फ होता. पवनचक्क्यांच्या कंपनीने त्याला ओक्लाहोमाहून पाठवलं होतं. ज्यांच्या शेतात चक्क्या उभ्या राहायच्या त्या जमिनींची मालकी पार पहिल्या वसाहतीपर्यंत तपासायची, कुठे धागा तुटला असेल तर तो शोधायचा, हे त्याचं काम. तो रोज सकाळी नऊला येई, कॅनव्हासच्या वेष्टनातले अजस्र दस्तग्रंथ एकेक करून उतरवी आणि संध्याकाळपर्यंत मेलेल्या माणसांच्या सह्यांवरून बोट फिरवत बसे. चौथ्या दिवशी त्याने मान वर न करताच विचारलं,

"इथे सगळे एकमेकांना नुसत्या जमिनीच देतायत. कुणी कुणाला फूल दिल्याची नोंद आहे का?"

"फुलांना नोंदणीचा खर्च परवडत नाही," मी म्हटलं.

"मग ती बेकायदा ठरतात?"

"तोंडी व्यवहार असतो. इथे तो धरत नाहीत."

तो हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांच्या कोपऱ्यात उगवे आणि ओठांपर्यंत यायला वेळ घेई. थंडीत उशिरा पेटणाऱ्या शेगडीसारखं.

मेथॉडिस्ट चर्चच्या तळघरात बुधवारी जेवण असतं. तिथे मी चिली नावाच्या तिखट रश्श्याच्या वाडग्यात दालचिनीचा गोड रोल बुडवताना त्याने पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. आमच्याकडे यासाठी माणसाला अटक होईल, असं तो गंभीरपणे म्हणाला. मग बघू नका ना, मी म्हटलं. तो बघतच राहिला. "तुम्ही" केव्हा गळून पडलं आणि "तू" केव्हा आलं ते मला आठवत नाही. बहुधा मार्चमध्ये, दोन ग्रंथांच्या मध्ये कुठेतरी.

माझं एकदा लग्न झालं होतं, हे मी त्याला सांगितलं होतं. झालं आणि संपलं, एवढंच. त्याने पुढे काही विचारलं नव्हतं, आणि त्याच्या त्या न विचारण्यावर मी जास्तच प्रेम करू लागले होते.

आणि आता ही चिठ्ठी.

"पाच मिनिटं लागतील," मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

मागच्या खोलीत लोखंडी कपाटं आहेत. 'ह'चा खण मी सात वर्षांत हजारदा ओढला असेल. प्रत्येक वेळी माझं बोट त्या एका फाइलच्या पाठीवरून न थांबता पुढे गेलेलं… आंधळ्या माणसाने ओळखीच्या घरातली तुटकी पायरी चुकवावी, तसं. आज मी ती उपसली. आत माझा अर्ज होता. डॅरेलला समन्स मिळाल्याची पोच होती. सुनावणीच्या दिवसाची एक ओळ होती: उभय पक्ष हजर.

त्यानंतर काही नव्हतं.

मी फाइल उलटी धरून झटकली. खणाच्या तळाशी हात घातला. मग नोंदवहीत त्या वर्षाचं पान काढलं. प्रत्येक खटल्यासमोर शेवटच्या रकान्यात हुकमाची तारीख होती. माझ्या खटल्यासमोर रकाना कोरा होता. इतका स्वच्छ कोरा, की मला वाटलं माझ्याच डोळ्यांना तेवढ्यापुरतं दिसेनासं झालंय.

आमच्याकडे न्यायाधीश न्यायासनावरून तोंडी निकाल देतात. तो कागदावर उतरवून आणण्याचं काम जिंकलेल्या बाजूच्या वकिलाचं. मग न्यायाधीश सही करतात, आमची कचेरी शिक्का मारते, आणि तेव्हा कुठे तो निकाल होतो. तोवर तो हवेतला आवाज. माझे वकील ऑस्ट्रँडर वृद्ध होते. सुनावणीनंतर दहा दिवसांनी, धान्याच्या कोठाराजवळ गाडी उभी करून ते स्टिअरिंगवर डोकं टेकवून गेले. त्यांच्या टेबलावरचा तो कागद लिहायचाच राहिला असणार. आणि कुणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. न्यायाधीशांचं "मंजूर" सगळ्यांनी ऐकलं होतं. चर्चच्या बायकांनी मला आठवडाभर जेवणाचे डबे आणून दिले होते. डॅरेल वायोमिंगला ट्रक चालवायला निघून गेला होता. आमच्या टिल्सन गावात जे सर्वांना ठाऊक असतं, ते कागदावर बघण्याची तसदी कुणी घेत नाही.

मीही घेतली नव्हती. लोकांचे जन्म आणि मरण रोज शिक्क्याखाली घेणारी मी.

नऊ वर्षं मी विवाहित होते. सिंकसमोर उभी राहून एकटीने खाल्लेल्या प्रत्येक सँडविचपाशी मी विवाहित होते. रविवारी नदीकाठी विवाहित होते.

कपाटाला पाठ टेकवून मी जमिनीवर बसले होते आणि व्हर्ना दारात उभी होती. मी नोंदवही तिच्याकडे उलटी केली. तिने चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. त्या वर्षीही क्लर्क तीच होती. "हे माझ्या नाकाखाली…" एवढंच ती पुटपुटली आणि शेजारच्या स्टुलावर जपून बसली. निवडणूक हरल्यावर दिसावी तशी ती दिसत होती.

मी उठले. फाइल घेऊन बाहेर आले. ओरिन तसाच उभा होता. टोपी मात्र फिरायची थांबली होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा तो नियम मोडला.

"का मागितलीस?"

"माझ्या कंपनीच्या यादीत हे नाव नाही," तो सावकाश म्हणाला. "कंपनीचा काही संबंध नाही."

"ते मी विचारलं नाही."

त्याने घसा साफ केला. "सिडर स्ट्रीटवरच्या घराच्या विक्रीचा दस्त पाहत होतो. त्यात तुझं नाव दिसलं. ट्वायला आणि डॅरेल हाउसर, पती-पत्नी. मला वाटलं… लग्नाच्या परवान्याच्या अर्जात आधीचं लग्न कधी संपलं त्याची तारीख लागते. तू अर्ज भरायला बसशील तेव्हा तारीख तयार असावी, तुला तो खण पुन्हा उघडायला लागू नये, म्हणून मीच…"

"माझा अर्ज? कुणाबरोबर?"

त्याचे कान लाल झाले. "त्याचीही तयारी चालू होती."

"लोक अंगठीचं माप काढतात, ओरिन."

"मला तेवढंच येतं," तो म्हणाला. "मागे जाऊन बघणं."

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्याही दिवशी. पण त्याच्या बोलण्यातला एक धागा मला आता दिसला होता: नुसती तारीख हवी असेल तर त्याच्यासारखा माणूस आधी नोंदवहीच बघणार.

"तू आधीच पाहिलं होतंस. कोरा रकाना."

त्याने मान डोलावली. "गुरुवारी."

गुरुवारी. म्हणजे रविवारच्या आधी. त्याने माझ्या केसांतलं पान काढलं तेव्हा त्याला ठाऊक होतं की मी दुसऱ्याची बायको आहे, आणि मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, या माणसाने माझ्या आयुष्याचा उतारा माझ्या आधी वाचला आहे.

"मला सांगता आलं नसतं?"

"पाच दिवस प्रयत्न करतोय. रविवारी तर तेवढ्यासाठीच नदीवर आणलं होतं तुला." त्याचा आवाज खाली गेला. "मग तू हसलीस. ट्वायलाला किती वर्षांनी असं हसताना बघतेय, असं व्हर्ना म्हणाली होती मला. ते माझ्या हाताने विझवायचं… नाही जमलं. म्हटलं, तुझ्याच हाताने तुला सापडू दे. माझ्या तोंडून ऐकलं असतंस, तर तू विश्वास ठेवला नसतास."

"ठेवला असता."

"तू म्हणाली असतीस, घटस्फोट झालाय. आणि मनापासून खरं बोलत असतीस."

हे खरं होतं, म्हणूनच असह्य होतं. मी फाइलच्या कडेवरून नख फिरवत राहिले. मला त्याच्या छातीत तोंड लपवायचं होतं आणि त्याच्या थोबाडीत मारायची होती, आणि या दोन्हींतलं आधी काय, ते ठरत नव्हतं.

व्हर्ना माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने घड्याळाकडे पाहिलं. न्यायाधीश दर दुसऱ्या मंगळवारी आमच्या गावात येतात. आज ते वरच्या मजल्यावर होते आणि बारापर्यंत थांबणार होते. खटला अजून कायद्याने जिवंत आहे, पण तेव्हाचे न्यायाधीश आता नाहीत, नव्या न्यायाधीशांना सगळं पहिल्यापासून ऐकावं लागेल, असं ती हलक्या आवाजात म्हणाली. डॅरेलला पुन्हा कळवावं लागेल. आणि हुकूम झाल्यानंतरही आपल्या राज्यात सहा महिने दुसरं लग्न करता येत नाही. बोलता बोलता तिचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

"सहा महिने," ओरिन स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे बघून, एकेक शब्द दस्तातल्या ओळीसारखा तपासत, "माझं इथलं काम शुक्रवारी संपतंय. पुढची काउंटी दोनशे मैलांवर आहे. मी ते काम नाकारू शकतो. पेठेतल्या लोखंडाच्या दुकानात माणूस हवाय, मी विचारून आलोय. ट्वायला… मी थांबलेलं तुला हवंय का?"

तावदान थरथरलं. कुणीतरी आत येऊन कुत्र्याच्या परवान्याची रांग कुठली असं विचारलं. व्हर्नाने त्याला बोटानेच बसायला सांगितलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या कोपऱ्यांत उशिरा पेटणारं ते हसू आज नव्हतं. तिथे नुसती वाट पाहणं होतं. उत्तर माझ्या घशापर्यंत आलं होतं. ते कुठलं आहे हे मला पुरतं माहीत होतं. पण सात वर्षं मी एकच गोष्ट लोकांना सांगत आले होते: जे आज तुमच्या नावावर नाही, ते तुम्हाला कुणाला देता येत नाही. दिलंत, तर तो कागद खोटा. आणि या क्षणी माझ्या नावावर माझं नावसुद्धा नव्हतं.

मी चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली, फाइल छातीशी धरली, काउंटरची झडप उचलून बाहेर आले आणि त्याच्या बाहीला बाही लागेल इतक्या जवळून, आधी माझं नाव परत मिळवायला, न्यायाधीशांकडे जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या चढू लागले.