समृद्धीचं नाक आणि पियूषचं जिरं

"हात पुढे! डोळे उघडे! और जो चिल्लाया, वो बाहर!"

असं म्हणून शिबिरात शिकवणाऱ्या अंकुरभैयाने समृद्धीच्या तळहातावर गांडूळ ठेवलं. गार, बुळबुळीत, आणि वर वळवळणारं! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पोटातून एक शब्द उसळी मारून घशापर्यंत आला. तिने तो दात आवळून तसाच गिळला.

"बोलेगी, अब बोलेगी!" मागून तिचा चुलतभाऊ पियूष कुजबुजला. "छी बोलेगी!"

समृद्धी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजत राहिली आणि भैयाने गांडूळ उचलल्यावर हात सात वेळा गवताला पुसला.

त्या एका शब्दासाठीच तर ती या जंगल शिबिरात आली होती! गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत कुणाच्या तरी डब्यातली नासकी भेंडी पाहून तिने वर्गशिक्षकांच्या बुटांवरच उलटी केली होती. तेव्हापासून तिच्या वस्तीतली, विजय नगरातली हिंदी बोलणारी पोरं तिला 'छी-छी' म्हणत. छी-छी, इकडे ये. छी-छी, तिकडे जा. बरगीच्या रस्त्याला, टेकडीपाशी चार दिवसांचं शिबिर होतं. चार दिवस तोंडातून 'छी' काढायची नाही, म्हणजे नाव आपोआप पुसलं जाईल, असा तिचा बेत होता. पियूषने तर ती 'छी' म्हणणारच, अशी पैजच लावली होती.

"घिन छोड़ो, हिम्मत जोड़ो!" अंकुरभैया ओरडला. हे त्याचं घोषवाक्य. त्याला गाठी मारणं, चकमकीने जाळ करणं, पावलांचे ठसे ओळखणं सगळं सुरेख यायचं. एकच खोड होती. बोलायला लागला की थांबायचा नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा धडा होता. टेकडीला वळसा घालून पाऊण तास चालल्यावर एक नाला लागला. मे महिना, त्यामुळे धार अगदी बारीक. मुलांनी बाटल्या कापल्या, त्यांत कापड, कोळसा, वाळू असे थर भरले आणि वरून नाल्याचं पाणी ओतलं. खाली थेंब थेंब पाणी पडू लागलं. स्वच्छ! काचेसारखं!

"पियो!" भैया म्हणाला. "अपने हाथ का पानी है!"

समृद्धीने पेला नाकाशी नेला आणि तिला शिसारी आली. नासलेलं वरण, फिनेल, आणि त्यांच्या खाली आणखी काहीतरी, ज्याचं नावही घेववत नाही असं! पण 'छी' म्हटलं की संपलंच. तिने ओठ ओले केल्यासारखं केलं आणि पेला हळूच मागे ओतून दिला.

तिच्या तंबूतल्या नऊ वर्षांच्या यशश्रीने मात्र शहाण्या मुलीसारखा पेला रिकामा केला.

संध्याकाळी यशश्रीला तीन उलट्या झाल्या. आणखी दोघांची पोटं बिघडली. "कमज़ोर पेट," भैया म्हणाला. "शहर के बच्चे! परसों तक पक्के हो जाएँगे." व्यवस्थापक नीलकंठकाकांनी ओआरएसच्या पुड्या दिल्या आणि फोनवर बोलत निघून गेले.

पांढऱ्याफटक पडलेल्या यशश्रीचं तोंड पुसताना समृद्धीला रडू आलं. आपल्याला वास आला होता! नाव पुसायच्या नादात आपण गप्प बसलो!

"दीदी, उद्या परत तेच पाणी प्यायचं आहे का?" यशश्रीने विचारलं.

"नाही," समृद्धी म्हणाली, आणि पियूषला हुडकायला निघाली.

पियूष स्वयंपाकघरात होता. स्वयंपाक करणाऱ्या सत्यभामाबाईंकडे तो मूठभर जिरं मागत होता.

"काहून रे? जिरं कायले पाह्यजे तुले?" बाईंचं माहेर पांढुर्ण्याचं, बोलणं थेट वऱ्हाडी.

"पानी में डालने को! आजोबांनीच सांगितलं होतं."

खरंच, निघताना आजोबा दारात म्हणाले होते. आजोबा म्हणजे भाऊराव. अमरावतीकडचे, फॅक्टरीतून निवृत्त झालेले. "पोट्टेहो, पाणी नासकं वाटलं ना, त झिरा करजा. वरच्या अंगाले."

"मतलब जीरा," पियूष म्हणाला. "ऊपर से डालना है!"

सत्यभामाबाई इतक्या हसल्या की हातातलं लाटणं खाली पडलं. "अरे येड्या! जीरा नाई, झिरा! नदीच्या रेतीत खड्डा करतेत, त्यात पाणी झिरपते, तो झिरा. अन् वरच्या अंगाले म्हंजे जिकून पाणी येऊन राह्यलं, तिकडं!"

समृद्धीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजोबांनी नुसता खड्डा खणायला सांगितलं नव्हतं, वर जाऊन बघायला सांगितलं होतं!

तिसऱ्या दिवशी पुन्हा नाल्यावर गेल्यावर, विश्रांतीच्या तासात, दोघं पाण्याच्या उलट दिशेने निघाले. पियूष कुरकुरत होता. "साप-वाप निकला तो?"

"शू! हे बघ." समृद्धीने काडीने पाण्यातलं काहीतरी उचललं. काकडीचं साल होतं. लांब, पातळ.

"बंदर ने खाया होगा."

"माकड काकडी सोलून खातं का रे?"

तेवढ्यात टेकडीपलीकडून आवाज आला. शूऽऽऽ! कुकरची शिट्टी! घनदाट जंगलात, शिबिरापासून पाऊण तासावर, कुकरची शिट्टी! कुठेतरी पाणी मुरत होतं.

"अब किधर?" पियूष गोंधळला. नाल्याला दोन फाटे फुटले होते. समृद्धीने डोळे मिटले, नाक वर केलं आणि डावीकडे बोट दाखवलं. पुढे घाणेरीची झुडपं दाट माजली होती. ती बाजूला सारली मात्र...

त्या दृश्याचं वर्णन जेवणाआधी वाचू नये. शिळ्या भाताचा ढीग, त्यावर पांढरी साय आल्यासारखी वळवळ. अळ्या! हजारो! कोंबडीची पिसं आणि आतडी, त्यांवर माश्यांचं घोंगावणारं काळं पांघरूण. आणि काठातून बाहेर आलेले दोन पाइप. एकातून हळदीचा पिवळा फेस ठिबकत होता. दुसऱ्यातून काय ठिबकत होतं, ते पियूषला आधी कळलं. तो वळला आणि घाणेरीत भडाभडा ओकला.

समृद्धीने ओढणी नाकाला बांधली आणि ती काठावर चढून डोकावली. समोर शिबिराचा झेंडा! दोरीवर अंकुरभैयाचे मोजे!

"पियूष, नाला टेकडीला जवळून वळसा घालतो! आपण लांबून वळसा घालून चालतो. आपण शिबिराच्याच मोरीचं पाणी पितोय!"

"...और संडास का," पियूष क्षीण आवाजात म्हणाला. त्या दिवसापासून त्याने तिला चिडवणं सोडलं, ते कायमचं.

पण मोठ्या माणसांना सांगणं सोपं नसतं. अंकुरभैया हसला. "छी-छी, फिर शुरू?" नीलकंठकाका फोन कानाला लावूनच म्हणाले, "पाइप तिकडे नाही जात. मिस्त्रीने सांगितलंय मला." मिस्त्रीने सांगितलं, काकांनी ऐकलं, भैयाने मानलं. उठून बघायला कुणीच गेलं नव्हतं!

"कल सबके माँ-बाप आएँगे," भैया म्हणाला. "सबके सामने मैं खुद पीकर दिखाऊँगा. ठीक?"

"ठीक!" समृद्धी म्हणाली. तिच्या खिशात, वाटेवर खुणा करायला भैयानेच दिलेली गुलाबी रंगाच्या भुकटीची पुडी होती.

चौथ्या दिवशी सकाळी आईवडील नाल्याकाठी जमले. आजोबाही काठी टेकत आले होते. पियूष मात्र ती पुडी घेऊन, पोट दुखतंय असं सांगून शिबिरातच थांबला होता. भैयाची शिट्टी टेकडीपलीकडे ऐकू गेली की सत्यभामाबाईंच्या मदतीने मोरीत आणि संडासात रंग ओतायचा, असं ठरलं होतं.

शिट्टी वाजली. भाषण सुरू झालं. समृद्धीला खात्री होती, वीस मिनिटं तरी चालणार, तोवर रंग इथवर पोचेल. आणि आयुष्यात पहिल्यांदाच अंकुरभैयाने भाषण पाच मिनिटांत आटोपलं!

"तो देखिए!" त्याने पेला उचलला.

समृद्धीने नाल्याकडे पाहिलं. पाणी तसंच. गुलाबी नाही. पेला वर गेला. ओठांपाशी गेला. तिला यशश्रीचा पांढराफटक चेहरा आठवला. भैयाची खोड मोडायची होती खरी, पण ते पाणी त्याच्याही पोटात जायला नको होतं!

"छीऽऽऽ!"

सगळा काठ दणाणला. समृद्धी धावली आणि तिने भैयाचा हात धरला. "भैया, मत पीओ! छी! छी! छी! यात आपल्या संडासाचं पाणी आहे!"

मुलं खो-खो हसली. "छी-छी! छी-छी!" आईने कपाळावर हात मारला. समृद्धीचे कान तापले, डोळे भरले. पण तिने हात सोडला नाही.

"ओ साहेब," आजोबांचा आवाज आला. "हसणं झालं असंन त पाण्याकडं पाहा."

वळणावरून एक गुलाबी रेघ सरकत येत होती. पाहता पाहता ती रुंदावली, दगडांभोवती फिरली आणि सगळा नाला गुलाबी झाला. पाठोपाठ पियूष काठाकाठाने धावत आला, कोपरापर्यंत गुलाबी. "डाल दिया! मोरी में भी, संडास में भी! आ गया क्या?"

हसू विरलं. अंकुरभैयाने नाल्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. पेला त्याच्या हातातून गळून पडला.

"छी," तो अगदी हळू म्हणाला.

नीलकंठकाकांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच फोन खिशात ठेवला. पालक त्यांना घेऊन थेट घाणेरीच्या झुडपांमागे गेले. परत आले तेव्हा काकांचा चेहरा यशश्रीपेक्षा पांढरा होता. ढीग त्याच दिवशी पुरला गेला, पाइप बंद झाले आणि शोषखड्डा होईपर्यंत शिबिराला कुलूप लागलं. यशश्रीला तिच्या बाबांनी डॉक्टरांकडे नेलं. जाताना ती समृद्धीच्या गळ्यात पडली.

अंकुरभैया तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मैंने सब सिखाया, पर खुद ऊपर जाकर नहीं देखा. सॉरी, समृद्धी." चार दिवसांत पहिल्यांदा त्याने तिचं नाव नीट घेतलं होतं.

"पोरी," आजोबा म्हणाले, "किळस म्हंजे भित्रेपणा नोहे. गांडुळाची किळस सोडली तरी चालते. पण नासक्याची किळस गिळजो नको. ते आपल्या घरचं कुत्रं आहे. भुंकलं की उठून पाहाव."

मग ते सगळ्या पोरांना घेऊन शिबिराच्या पार वरच्या अंगाला गेले. कोरड्या वाळूत हातांनी खड्डा खणला. झिरा! आधी गढूळ, मग हळूहळू निवळत पाणी वर आलं. अंकुरभैयाने जाळ केला आणि ते खळखळून उकळलं. पहिला पेला आजोबांनी समृद्धीपुढे धरला.

सगळी पोरं तिच्या नाकाकडे बघत होती. कुणी हसत नव्हतं. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि घोटभर प्यायली.

"चालेल," ती म्हणाली. मगच बाकीच्यांनी पेले पुढे केले.

पियूषने खिशातून चुरगळलेली कागदाची पुडी काढली. "आजोबा, अब तो जीरा डाल दूँ?"

"टाक बे," आजोबा म्हणाले, "वरून!"