डाव्या हाताचा कीबोर्ड

पहिली भेट झाली तीच मुळी प्रज्ञाच्या चपलेची आणि चेतनच्या बोटांची.

नगरच्या पाऊस-नोंद कार्यालयात ती सकाळी घाईघाईनं खुर्चीत बसायला गेली, तर टेबलाखालून आवाज आला, "आई गं!" वाकून बघते तो काय, वायरींच्या गुंत्यात एक चष्मेवाला बसलेला.

"अगं बाई! लागलं का हो?"

"बोटं दहा आहेत... एखादं गेलं तरी चालेल," तो हात झटकत म्हणाला. "मी चेतन. पुणतांब्याचा. हे नवं युनिक्सचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, मार्गी लावून द्यायला आलोय, तीन महिन्यांसाठी."

त्या मशीनपाशीच तर प्रज्ञाचं घोडं अडलं होतं! गावोगावहून पावसाची कार्डं यायची. पारनेर शून्य, खर्डा दोन पॉइंट चार, पुणतांबा अकरा. ते आकडे मशीनमध्ये भरायचे, हे तिचं काम. अडीच महिन्यांनी परीक्षा होती. तासाला आठ हजार बटणं दाबली तर नोकरी कायम, नाहीतर गाठोडं बांधून पारनेरला परत. तिथं आई चांगुणाबाई स्थळांची यादी घेऊन तयारच होती. आणि प्रज्ञाची मजल पाच हजारांच्या पुढं काही केल्या जाईना.

चेतननं चार दिवस गुपचूप पाहिलं. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाला,

"एक विचारू? साखर ढवळता डाव्या हातानं, डास मारता डाव्या हातानं... मग आकड्यांनीच काय पाप केलंय?"

प्रज्ञानं चटकन हात ओढणीखाली घेतला. "डाव्या हातानं काम करू नये म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"आख्खं पारनेर!" ती म्हणाली, आणि मग हसू आवरेना. लहानपणी आईनं डावा हात फडक्यानं बांधून जेवायला बसवलं होतं, तेही सांगून टाकलं. "आणि आकड्यांची बटणं उजवीकडं. डाव्या हातानं करून पाहिलं हो, पण सगळं उलटंच पडतं. आरशात बघून भांग पाडल्यासारखं."

"मग उलट्याचं सुलटं करू की!"

अडगळीतून त्यानं एक जुना कीबोर्ड काढला, मशीनला दुसरा म्हणून जोडला आणि तिच्या डाव्या हाताशी ठेवला. मग एका फाईलमध्ये लिहिलं, कुठलं अक्षर दाबलं की कुठला आकडा उमटायचा. करंगळीखालच्या बटणाला एंटर केलं. बटणांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून तिनं स्वतः आकडे लिहिले... डाव्या हातानं. पारनेर, खर्डा, पुणतांबा... बोटं अशी पळायला लागली की तिचा तिलाच विश्वास बसेना.

पण सुखाला नजर लागते म्हणतात ना, तसंच झालं. दुपारी मोठे कारकून काकासाहेब रोजच्या कीबोर्डवर मोठ्या साहेबांना इंग्रजी पत्र टाइप करायला बसले. पडद्याकडं बघण्याची त्यांना सवयच नव्हती. पत्र छापलं, पाकिटात घातलं, शिपायाच्या हाती पाठवून दिलं. तासाभरात साहेबांचा फोन, "काकासाहेब, हे पत्र आहे की पावसाची नोंद?"

अर्धी अक्षरं, अर्धे आकडे! काकासाहेब लालबुंद झाले. "हा डाव्या-उजव्याचा चाळा बंद! उद्या तो दुसरा कीबोर्ड मला इथं दिसता कामा नये!"

प्रज्ञा दुसऱ्या कीबोर्डची वायर काढायला वाकली. चेतन मात्र पुढं झाला. "चूक माझी, साहेब. मी एकाची बटणं बदलली, मशीननं दोन्हींची बदलली. दोन दिवस द्या. फक्त डावीकडच्या कीबोर्डची बदलून दाखवतो."

दोन दिवस तो जेवायलाही धड उठला नाही. शेवटी तिनंच डबा पुढं केला. "एवढा खटाटोप कशाला? मीच उजव्या हाताची सवय केली असती."

"बटणं बदलता येतात हो," तो मान वर न करता म्हणाला. "माणूस कशाला बदलायचा?"

त्या दिवशी प्रज्ञानं भाकरीचा पहिला घास डाव्या हातानं मोडला, आणि तो तिला फार गोड लागला.

तिसऱ्या दिवशी काकासाहेबांनी उजवीकडून स्वतःचं नाव टाइप केलं, अक्षरं आली. प्रज्ञानं डावीकडून बटणं दाबली, आकडे आले. "हं," काकासाहेब म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच!

परीक्षेत आठ हजार चारशे झाले. परीक्षा घ्यायला आलेल्या मोठ्या साहेबांनी तिथंच नोकरी कायम केल्याची सही केली. बाहेर व्हरांड्यात भुरभुर पाऊस होता, आणि चेतन चष्मा पुसत उभा. तीन महिने संपत आले होते.

"रविवारी आईला घेऊन पारनेरला येतो म्हणतोय... तुमच्या घरी."

"कशाला?" तिनं मुद्दाम विचारलं.

"चहाला. तोंडानं काही सांगू नका. उजव्या हातानं चहा दिलात, तर चहा पिऊन गप निघून जाईन. डाव्या हातानं दिलात, तर..."

"तर?"

"तर साखर नसली तरी चालेल!"

रविवारी चांगुणाबाई कानाशी लागल्या. "आगं, उजव्या हातानं दे बरं का! डावा पदराखाली ठिव. लोकं काय म्हनतील?"

प्रज्ञानं पहिला कप चेतनच्या आईला, भागूबाईंना दिला. उजव्या हातानं, अगदी शहाण्या मुलीसारखा. चेतनचा चेहरा खर्रकन उतरला. तिला आतून हसू फुटत होतं. आई डोळे वटारून बघत होती. तिनं दुसरा कप उचलला... आणि सरळ डाव्या हातानं त्याच्यापुढं धरला.

"आगं, आगं, डावा हात!" चांगुणाबाई किंचाळल्याच.

"ऱ्हाऊ द्या हो, विहीणबाई," भागूबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "ह्या डाव्या हातापायीच तर माझं पोरगं तीन म्हैने घराकडं फिरकलं न्हाई!"

विहीणबाई! चेतननं इतक्या गडबडीनं कप घेतला की निम्मा चहा त्याच्या बोटांवर सांडला.

"अगं बाई, लागलं का हो?"

"बोटं दहा आहेत," तो हळूच म्हणाला. "दहाच्या दहा आता तुमचीच."